लेजिटिमेट

लेजिटिमेट हे इंग्रजी विशेषण आहे. एखाद्या हक्काला, सत्तेला, मागणीला किंवा कारणाला कायद्याचा, मान्य रीतीचा वा न्यायबुद्धीचा आधार आहे, असे ते सांगते. मूळ लॅटिन ‘लेक्स’, म्हणजे कायदा. मराठीत संदर्भाप्रमाणे वैध, अधिकृत, रास्त किंवा औरस असा प्रतिशब्द घ्यावा लागतो. सरसकट ‘कायदेशीर’ लिहिले की अर्थ बिघडतो.

लीगल, व्हॅलिड आणि लेजिटिमेट यांतला फरक नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षाच्या सौद्यावरून चांगला कळतो. निफाड-दिंडोरीकडे व्यापारी बागेत येऊन माल पाहतो आणि किलोचा भाव पुष्कळदा तोंडीच ठरतो. द्राक्षे विकायला कायद्याची आडकाठी नाही, म्हणून व्यवहार लीगल. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १० प्रमाणे मुक्त संमती, करारास पात्र पक्षकार, कायदेशीर मोबदला आणि कायदेशीर उद्देश असेल, तर निव्वळ तोंडी आहे म्हणून करार निकामी होत नाही, तो व्हॅलिड. माल उचलून व्यापाऱ्याने पैसे थकवले, तर बागायतदाराचा दावा ‘लेजिटिमेट क्लेम’, म्हणजे रास्त. पण रास्त दावाही पुराव्याशिवाय कोर्टात लंगडा पडतो. वजनाच्या चिठ्ठीवर भाव, तारीख आणि व्यापाऱ्याची सही तिथल्या तिथे घ्यावीच.

तिकीट किंवा परवाना मुदतीत असेल तर ‘व्हॅलिड’ म्हणावे. तिथे लेजिटिमेट म्हटले तर कागद बनावट नाही, एवढेच कळते. मुदतीचे काही कळत नाही. ‘लीगल ॲडव्हाइस’मधला लीगल म्हणजे ‘कायद्याविषयीचा’.

व्हॅलिड आणि लेजिटिमेट किती वेगळे, ते हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम १६ मध्ये दिसते: शून्य ठरणाऱ्या विवाहातले मूलही औरस, म्हणजे लेजिटिमेट. लग्न व्हॅलिड नाही, पण मूल लेजिटिमेट आहे. ‘इललेजिटिमेट चाइल्ड’ हा प्रयोग मात्र टाळावा. दोष नसताना तो डाग मुलावर बसतो.

विरुद्धार्थी रूपे इललीगल, इनव्हॅलिड, इललेजिटिमेट. इनव्हॅलिडमध्ये आघात ‘व्हॅ’वर हवा, ‘इन’वर दिला तर अर्थ ‘आजाराने अधू झालेला माणूस’ असा होतो. लेजिटिमेटचा आघात ‘जि’वर. विशेषणाचा शेवट ‘मट’सारखा आखूड, तर ‘वैध ठरवणे’ या अर्थाच्या क्रियापदाचा ‘मेट’ असा लांब. ‘लेजिट’ हे बोलण्यातले रूप. अर्जात किंवा नोटिशीत ते लिहू नये.