मण्यार चावल्यावर श्वास कोण घेणार?

पावसाळ्यात बेळगाव जिल्ह्यातल्या कणकुंबी-जांबोटीकडच्या गावांत जमिनीवर अंथरूण घालून झोपलेल्या माणसाला मण्यार चावते, ती बहुधा रात्रीच. दात इतके बारीक की पुष्कळदा कळतही नाही. सूज नाही, आग नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या मिटायला लागतात, थुंकी गिळवत नाही. घरच्यांना वाटतं, अपचन झालं.

मेंदूचा निरोप स्नायूला देणारं रसायन मज्जातंतूंच्या टोकांत साठलेलं असतं. मण्यारीचं विष ती टोकंच निकामी करतं, मग श्वासाचे स्नायूही थांबतात. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर चालतं आणि ते लवकर मिळायलाच हवं. पण ते रक्तातलं विष पकडतं, मोडलेली टोकं जोडत नाही. ती शरीरच पुन्हा वाढवतं, त्याला काही दिवस जातात. तोवर छातीचा भाता दुसऱ्या कुणी हलवला, तर माणूस उठून घरी चालत जातो!

१९५२ साली कोपनहेगनला पोलिओच्या साथीत बियॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने हेच केलं. बारा वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेत नळी घालून रबरी पिशवी हाताने दाबली. पुढे वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने, रात्रंदिवस पिशव्या दाबत बसले. अतिदक्षता विभाग जन्मला तो असा, माणसांच्या हातांतून.

श्वास थांबला की मेंदूकडे मोजून चार-पाच मिनिटं असतात. बेळगावचं सिव्हिल त्याहून फार लांब. म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात अतिदक्षतेच्या खाटा वाढायलाच हव्यात, असं मी आग्रहाने म्हणतो. पण हिशोब पुरता करा. ऑक्सिजनच्या मोठ्या सिलिंडरात सुमारे ७,००० लिटर मावतो. मिनिटाला १० लिटर लागला तर तो बारा तासही पुरत नाही. वीज गेली की जनरेटर तत्काळ चालू व्हायला हवा. आणि व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक रुग्णाजवळ एक नर्स धरली, तर चार खाटांना तीन पाळ्यांत १२ नर्स, रजा-सुट्ट्या वेगळ्याच. यंत्रासाठी वर्गणी गोळा करणाऱ्या मंडळांनी या पगारांसाठी सरकारकडे तितक्याच जोराने मागणी लावून धरावी.

नळीत साचलेला कफ नर्सच ओढते, कूस बदलते, पुरते मिटता न येणारे डोळे ओले ठेवते. असा रुग्ण बोट हलवत नाही, बाहुल्याही उजेडाला दाद देत नाहीत. नातेवाइकांना वाटतं, संपलं. पण तो शुद्धीवर असू शकतो, सगळं ऐकत असतो. म्हणून कानाशी वाकून, मराठी असो की कन्नड, त्याच्या भाषेत सांगायचं: मशीन श्वास देतंय, घाबरू नको, चार दिवसांत हात हलेल.