सुंदरी (सुषिर वाद्य)

सुंदरी : सनईच्या कुळातील, आकाराने सनईहून लहान आणि स्वराने तिच्याहून उंच असे दुहेरी पत्तीचे (फुंकताच थरथरणाऱ्या दोन पात्यांचे) सुषिर, म्हणजे फुंकून वाजवायचे वाद्य. लांबी साधारणतः एक फुटाच्या आसपास. सोलापूर शहर आणि पूर्वीचे अक्कलकोट संस्थान हा या वाद्याचा मुख्य प्रदेश. रागसंगीताच्या मैफलीत त्याला जे स्थान मिळाले, ते प्रामुख्याने सोलापूरच्या जाधव घराण्यामुळे. सिद्धराम जाधव, चिदानंद जाधव, भीमण्णा जाधव आणि कपिल जाधव हे या घराण्यातील परिचित वादक होत.

सुंदरीच्या उत्पत्तीविषयी दोन मते संभवतात. घराण्यातून चालत आलेल्या परंपरेनुसार हे वाद्य अक्कलकोट दरबारात घडले आणि त्याचे गोड स्वर ऐकून तेथील राजे फत्तेसिंह भोसले यांनी त्याला ‘सुंदरी’ हे नाव दिले. येथे कालनिर्णय जपून करावा लागतो, कारण फत्तेसिंह नावाचे राजे अक्कलकोटच्या गादीवर एकाहून अधिक होऊन गेले. छत्रपती शाहूंचे मानसपुत्र असलेले संस्थापक फत्तेसिंह अठराव्या शतकातले, तर याच नावाच्या शेवटच्या राजांची कारकीर्द 1896 ते 1923 अशी आहे. वादकांच्या पिढ्या मागे मोजत गेल्यास परंपरेतील राजे हे शेवटचे फत्तेसिंह असणे अधिक संभवते. तसे धरल्यास नामकरण विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-अडीच दशकांतले ठरते.

दुसरे मत वाद्याच्या घडणीवरून सुचते. आखूड, शंक्वाकृती आणि दुहेरी पत्तीची वाद्ये दख्खनला नवी नाहीत. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात संगीतरत्नाकर या ग्रंथात ‘मधुकरी’ हे वाद्य वर्णिले आहे. तिचे नाते आजच्या मोहरी या वाद्याशी आणि सनईशी जोडले जाते. दक्षिणेकडील देवळांत मुखवीणा हे नागस्वराचे (दक्षिणेतील लांब सनईजातीच्या वाद्याचे) छोटे भावंड वाजत आले आहे. अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फज्ल याने नगारखान्याची यादी देताना इराणी आणि हिंदुस्थानी अशा दोन्ही धाटणींचे सुरना (सनईजातीचे वाद्य) नोंदवले असून नऊ जण ते एकदम फुंकत, असे म्हटले आहे. सोलापूर हा मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलींचा संगमप्रदेश. उत्तरेची सनई आणि दक्षिणेची मुखवीणा या दोहोंच्या मधोमध तो येतो. तेव्हा सुंदरी कोरी करकरीत कल्पना म्हणून जन्मली, असे मानण्यापेक्षा हाताशी असलेल्या लहान सनईजातीच्या वाद्याला दरबारात रागक्षम रूप व नाव मिळाले, असे मानणे सयुक्तिक वाटते. यात घराण्याचे श्रेय कमी होत नाही. नळी आखूड करणे सोपे असते. त्या आखूड नळीतून राग शुद्ध श्रुतींसह (सूक्ष्म स्वरांतरांसह) उभा करणे, हे अवघड काम या मंडळींनी केले.

रचनेत सनईचेच घटक आहेत : पत्ती, ती बसवायची धातूची बारीक नळी, छिद्रे असलेली लाकडी नळी आणि टोकाचा पसरट पेला. पत्ती कोरडी असताना वाजत नाही. वादक ती तोंडात धरून ओलसर करतो आणि तिच्या दोन पात्यांमधील फट बारीक सुईने हवी तेवढी खुलवतो. जास्तीच्या पत्त्या व सुई दोऱ्याने वाद्यालाच लटकवलेल्या असतात. सनईजातीच्या वाद्यांत एखाद्या छिद्राच्या कडेला मेण लावून स्वर किंचित उतरवण्याचीही रीत आहे.

ध्वनिशास्त्रदृष्ट्या महत्त्वाची बाब म्हणजे नळीची शंक्वाकृती पोकळी. अशी नळी जोराने फुंकली की स्वर बरोबर एक सप्तक वर चढतो. बँडमधल्या क्लॅरिनेटची पोकळी दंडाकृती असते आणि तिथे हाच चढ सप्तक अधिक पंचम इतका होतो. त्यामुळे सनई व सुंदरीत मध्य आणि तार सप्तकांसाठी बोटांची ठेवण बहुतांशी एकच राहते. कंप्रता, म्हणजे दर सेकंदाला होणारी कंपने, नळीच्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात बदलते. सनई दीड फुटाची आणि सुंदरी एक फुटाची धरली, तर सुंदरीचा मूळ स्वर सुमारे दीडपट कंप्रतेचा, म्हणजे सनईच्या षड्जाऐवजी तिच्या पंचमावर येतो. पत्तीची जाडी आणि पेल्याचा घेर यांमुळे हे गणित प्रत्यक्षात थोडे सरकते.

आखूडपणाचा खरा परिणाम बोटांवर होतो. छिद्रे जवळ येतात, बोटांना जागा उरत नाही, आणि मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे) घेताना बोटाचे पेर केसभर जास्त सरकले तरी कोमल ऋषभाचा शुद्धाकडे तोल जातो. मींड आणि आंदोलन (स्वर हळुवार झुलवणे) छिद्रांची पूर्ण उघड-झाक करून येत नाहीत. अर्धवट उघडलेले छिद्र, ओठांचा दाब आणि फुंक या तिन्ही गोष्टी एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. लांब आलापात नाद तुटू नये म्हणून गालांत हवा राखून नाकाने श्वास घेण्याचे तंत्र सनईवादकांप्रमाणे येथेही उपयोगी पडते.

रागांची निवड या घडणीतून ठरते. मंद्र (खालच्या) सप्तकात फारसा वाव नसल्याने दरबारी कानड्यासारखा खर्जात मुरणारा राग या वाद्यावर आपले वजन गमावतो. पूरिया आणि सोहनी यांचे उदाहरण बोलके आहे. दोन्ही रागांचे स्वर तेच. पण पूरिया मंद्राकडे झुकतो, तर सोहनीचा सारा जीव तार षड्जाच्या आसपास असतो. सुंदरीवर सोहनी विनासायास खुलतो. उत्तरांगप्रधान (सप्तकाच्या वरच्या भागात खुलणारे) राग, मध्य व द्रुत लयीतील बंदिशी, धुना, अभंगांच्या चाली आणि नाट्यपदे यांना तिचा टोकदार, पण रसाळ नाद विशेष मानवतो. विलंबित ख्याल अशक्य नाही. तो पेलणाऱ्याची तयारी मात्र मोठीच लागते.

मंगलवाद्य म्हणून सनईचे सर्व प्रसंग सुंदरीलाही चालतात. मोकळ्या जागेत संबळ-चौघडा आणि मैफलीत तबला अशी साथ असते. स्वरासाठी तानपुरा किंवा सूरपेटी. पट्टी उंच असल्याने तबल्याचा दायाही लहान तोंडाचा, वरच्या स्वरात मिळणारा घ्यावा लागतो.