पाठ टेकली, पण डोळा लागत नाही

‘मी दहालाच झोपलो, पण झोप लागली एक वाजता.’ हे वाक्य मराठी कानाला अजिबात खटकत नाही. झोपणं ही माझी क्रिया, तिचा कर्ता मी. झोप लागणं हे मात्र माझ्या बाबतीत घडणारं काहीतरी. भूक लागते, तहान लागते, उचकी लागते, तशी झोप लागते. या वाक्यांत ‘मी’ला कर्त्याची खुर्ची मिळत नाही, तो बिचारा ‘मला’ होऊन बाजूला उभा असतो. झोपेवरच्या संशोधनातून जे हाती आलं आहे, त्यातलं बरंचसं या व्याकरणात आधीच बसलेलं आहे. अंथरुणाला पाठ टेकणं आपल्या हातात, पुढचं नाही. आणि डोक्यात विचारांचं मोहोळ उठलेलं असताना आपण नेमकं ते पुढचंच हातात घ्यायला जातो.

1916 च्या सुमारास युरोपात मेंदूच्या सुजेची एक विचित्र साथ आली. काही रुग्ण दिवसचे दिवस झोपून राहत, तर काहींची झोप पार उडालेली. व्हिएन्नातले डॉक्टर कॉन्स्टँटिन फॉन इकोनोमो यांनी दगावलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले. झोपाळू रुग्णांमध्ये हायपोथॅलॅमस या मेंदूच्या तळाशी असलेल्या छोट्या भागाच्या मागच्या बाजूला इजा झालेली होती, जागणाऱ्यांमध्ये पुढच्या बाजूला. म्हणजे जागवणारी यंत्रणा वेगळी आणि झोपवणारी वेगळी. झोप म्हणजे नुसतं जागेपण संपणं नव्हे. झोपवणाऱ्या त्या पेशींचा इवलासा पुंजका पुढे 1996 मध्ये क्लिफर्ड सेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूत नेमका शोधून काढला. या दोन्ही यंत्रणा एकमेकींना दाबून धरतात. त्यामुळे मेंदू दिव्याच्या बटणासारखा वागतो: इकडे नाहीतर तिकडे, मध्ये फार वेळ अडकून राहत नाही.

झोपेच्या बाजूने जोर लावणाऱ्या गोष्टी दोन. शरीरातलं चोवीस तासांचं घड्याळ, आणि जागं असताना मेंदूत साठत जाणारं ॲडेनोसिन हे रसायन. (ॲडेनोसिन मेंदूत जिथे जाऊन काम करतं त्या जागा कॅफिन अडवून बसतं आणि त्यातलं निम्मं पाच-सहा तासांनीही रक्तात फिरत असतं. संध्याकाळच्या कॉफीबद्दल यापेक्षा जास्त उपदेश मी करणार नाही.) जागेपणाच्या बाजूने जोर लावते ती सावध राहण्याची यंत्रणा, आणि काळजी तिला खतपाणी घालते. अंग मोडून आलंय, डोळे चुरचुरताहेत, तरी झोप नाही, या कोड्याचं उत्तर इथे आहे. शरीर दमलं म्हणून मेंदूतलं बटण दाबलं जाईलच असं नाही.

अशा वेळी ‘विचार करू नकोस’ हा सल्ला सगळेच देतात, आणि माझ्या मते याहून निरुपयोगी सल्ला शोधून सापडणार नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी 1987 मध्ये काही लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार टाळायला सांगितलं. अस्वल अर्थातच पुन्हापुन्हा आलं. वेग्नर यांचं म्हणणं असं की एखादा विचार टाळायचा तर तो आला की काय हे बघायला मनाचा एक कोपरा पहाऱ्यावर बसवावा लागतो, आणि तो पहारेकरीच ज्याला अडवायचं त्याचं नाव सतत घेत राहतो. 1996 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हीच कल्पना झोपेला लावून पाहिली. काही जणांना सांगितलं, ‘शक्य तितक्या लवकर झोपा’. काहींना, ‘वाटेल तेव्हा झोपा’. कानावर काहींच्या संथ संगीत, काहींच्या कवायतीचा दणदणीत बँड. संथ संगीतात लवकर झोपायचा प्रयत्न जमून गेला. पण बँडच्या गोंगाटात घाई करणाऱ्यांनाच झोप लागणं जास्त जड गेलं. डोक्यात असाच बँड वाजत असलेल्या रात्री आपण घड्याळ बघतो आणि म्हणतो, ‘आत्ता लागली तरी पाच तास मिळतील’. तो पहारेकरी आपणच नेमलेला असतो.

मग करायचं काय? मन रिकामं होत नाही, पण त्याला दुसरं काम देता येतं. यातली मला सर्वांत आवडणारी युक्ती अगदी कारकुनी आहे. टेक्सासमधल्या बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन आणि सहकाऱ्यांनी 57 तरुणांना प्रयोगशाळेत एक रात्र झोपवलं. दिवे मालवण्याआधी पाच मिनिटं अर्ध्या लोकांनी येत्या काही दिवसांत काय काय करायचं आहे त्याची यादी लिहिली. उरलेल्यांनी अलीकडे काय काय उरकलं ते लिहिलं. मेंदूतल्या विद्युतलहरी मोजणारी यंत्रं लावलेली होती, त्यामुळे झोप कधी लागली हे कुणाच्या सांगण्यावर सोडलेलं नव्हतं. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल असा: उरलेली कामं लिहिणारे सुमारे नऊ मिनिटं आधी झोपले. वाटतं त्याच्या उलट, नाही का? उद्याच्या कामांनी धडकी भरायला हवी. पण कामं कागदावर उतरली की ती विसरू नयेत म्हणून मनात घोळवत ठेवायचं कारण उरत नाही. आणखी एक गोष्ट दिसली. यादी जितकी बारकाव्यांची, तितकी झोप लवकर. ‘पैशांचं बघायचं’ असं लिहून भागत नाही. ‘बुधवारी बँकेत फोन करून हप्त्याची तारीख विचारायची’ असं लिहावं लागतं. 57 ही संख्या लहान आहे आणि ती माणसं निरोगी होती, निद्रानाशाची नव्हती, हे ध्यानात ठेवायला हवं. पण पाच मिनिटं आणि एक कागद एवढ्याच भांडवलावरचा हा सौदा मला तरी परवडतो. फोनवर मात्र लिहू नका. यादी लिहायला उघडलेला फोन यादीवर थांबत नाही.

यादी लिहूनही चक्र थांबलं नाही तर? ॲलिसन हार्वी आणि सुझॅना पेन यांनी 2002 मध्ये निद्रानाश असलेल्या 41 जणांचे तीन गट केले. एका गटाला सांगितलं की डोळे मिटून एखादं रम्य, निवांत दृश्य तपशिलासकट रंगवत राहा. दुसऱ्याला नुसतंच, ‘मन दुसरीकडे वळवा’. तिसऱ्याला काहीच सांगितलं नाही. दृश्य रंगवणाऱ्यांना काहीच न सांगितलेल्यांपेक्षा झोप लवकर लागली, असं त्यांचं स्वतःचं म्हणणं होतं, आणि विचारांचा त्रासही कमी झाला. ‘तपशिलासकट’ हा शब्द इथे महत्त्वाचा. आकडे मोजणं इतकं सवयीचं असतं की मन एकीकडे मोजतं आणि दुसरीकडे भांडण उगाळतं. चित्र रंगवायला जागा जास्त लागते. पाण्याचा रंग कोणता, पायाखालची वाळू गार आहे की कोमट, वारा कुठल्या अंगाने येतो, हे बघता बघता भांडणाला जागा उरत नाही.

कॅनडातले संशोधक ल्यूक बोदुआँ यांनी याच्याही पुढची युक्ती काढली आहे. एक साधा शब्द घ्यायचा, समजा ‘कागद’. ‘क’वरून सुचतील त्या वस्तू एकेक करून डोळ्यांपुढे आणायच्या: कंदील, कासव, कुलूप, कबूतर. प्रत्येकीला काही सेकंद. ‘क’ आटला की ‘ग’: गवत, गलबत, गोगलगाय. मग ‘द’. वस्तूंचा एकमेकींशी संबंध नसावा, गोष्ट तयार होता कामा नये. त्यांचा तर्क असा की झोपेच्या उंबरठ्यावर मन आपोआप अशीच विस्कळीत चित्रं पाहतं. आपण ती मुद्दाम पाहिली तर आता पहाऱ्याची गरज नाही असा मेंदूचा समज होतो. तर्क सुंदर आहे, त्यामागचा पुरावा अजून तोकडा आहे. मी स्वतः ‘द’पर्यंत क्वचितच पोचतो, पण एका माणसाचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे.

शरीराच्या बाजूनेही थोडी मदत होते. झोप लागताना शरीराच्या आतलं तापमान उतरतं आणि ती उष्णता हातापायांच्या त्वचेतून बाहेर पडते. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या संशोधकांनी 1999 मध्ये दाखवलं होतं की पाय उबदार असतील तर झोप लवकर लागते. झोपायच्या एक-दोन तास आधी गरम पाण्याने अंघोळ केली तर फायदा होतो तो याच वाटेने, त्वचेकडचं रक्त वाढून. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यावा. त्यात चार-सात-आठ (चार मोजत श्वास घ्या, सात रोखा, आठ मोजत सोडा) अशी काटेकोर मोजदाद करायला लागलात की पहारेकरी परत आलाच म्हणून समजा.

आता सर्वांत नावडती गोष्ट: उठणं. 1972 मध्ये रिचर्ड बूटझिन यांनी असं मांडलं की रोज अंथरुणात जागं राहून तळमळणाऱ्या माणसाचा मेंदू अंथरूण आणि तळमळ यांची सांगड घालून टाकतो. म्हणूनच खुर्चीत डुलक्या घेणारा माणूस गादीवर आडवा झाला की टक्क जागा होतो. त्यांच्या उपायाचं आजचं रूप: साधारण वीस मिनिटं गेलीशी वाटली (घड्याळ न बघता) की उठायचं, दुसऱ्या खोलीत मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करायचं, आणि डोळे जड झाले की मगच परतायचं. परत तेच झालं तर परत उठायचं. सकाळी मात्र ठरल्या वेळीच जागं व्हायचं. पहिल्या काही रात्री हे फार जिवावर येतं, पण या सगळ्या उपायांत सर्वांत भक्कम पुरावा याच्याच पाठीशी आहे. ‘सीबीटी-आय’ या, झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलणाऱ्या उपचारपद्धतीचा हा एक कणा आहे, आणि प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी ही पद्धत वापरावी अशी शिफारस अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या एका मोठ्या संघटनेने 2016 मध्ये केली. आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री, तीन महिन्यांहून अधिक काळ असं चाललं असेल, किंवा मोठ्याने घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं असेल, तर लेख वाचत बसू नये, डॉक्टरांकडे जावं.

एक उलटा उपायही आहे. ऑस्ट्रियन मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल तो सुचवत. दिवा मालवायचा, आरामात पडायचं, आणि जागं राहायचं ठरवायचं. हालचाल नाही, फोन नाही, स्वतःला चिमटे काढणं नाही. फक्त अंधारात डोळे उघडे ठेवायचे. पापण्या जड झाल्या की मनाशी म्हणायचं, अजून दोन मिनिटं, एवढ्यात नाही.