कानबान कार्यपद्धती (सॉफ्टवेअर विकास)

कानबान : सॉफ्टवेअर टीमच्या हातातले प्रत्येक काम सर्वांना दिसेल असे मांडणे, एका वेळी किती कामे चालू राहतील यावर मर्यादा घालणे आणि जागा रिकामी झाल्यावरच पुढचे काम ओढून घेणे, अशी कार्यपद्धती. मुंबईत बँका, शेअर दलाली पेढ्या, विमा कंपन्या आणि डिजिटल पेमेंटच्या यंत्रणा सांभाळणाऱ्या टीमना ती विशेष उपयोगी पडते. या शहरातल्या सॉफ्टवेअर कामाचा मोठा वाटा चालू यंत्रणेच्या देखभालीचा आहे, आणि देखभालीचे काम वेळापत्रक विचारून येत नाही.

पद्धतीचे मूळ जपानमधील टोयोटाच्या कारखान्यात आहे. पुढच्या टप्प्याला लागतील तेव्हा आणि लागतील तेवढेच सुटे भाग मागच्या टप्प्याने बनवायचे व ती मागणी कार्डाने कळवायची, ही व्यवस्था ताइची ओनो यांनी १९५० च्या दशकात तेथे रुजवली. सॉफ्टवेअरमध्ये ती आणण्याचे श्रेय डेव्हिड अँडरसन यांना दिले जाते. २००४-०५ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत प्रणालींची देखभाल करणाऱ्या ज्या टीमबरोबर हा प्रयोग झाला, ती हैदराबादेत होती. आपल्याकडच्या लेखनात हा तपशील फारसा येत नाही, पण तो यायला हवा. आलेल्या प्रत्येक विनंतीला किती वेळ लागेल याचा अंदाज देण्यातच या टीमची बरीच ताकद खर्च होई. अंदाज देणे बंद केले, हातातल्या कामांना मर्यादा घातली आणि जागा झाली की पुढचे कोणते घ्यायचे हे मागणी करणाऱ्यांनाच ठरवायला लावले. त्यानंतर एक विनंती पूर्ण व्हायला लागणारा काळ सुमारे पाच महिन्यांवरून काही आठवड्यांवर आला. २०१० मध्ये अँडरसन यांनी ही पद्धत पुस्तकरूपाने मांडली.

कानबानचा दर्शनी भाग म्हणजे बोर्ड. विश्लेषण, डेव्हलपमेंट, कोड रिव्ह्यू, टेस्टिंग, यूएटी (क्लायंटने स्वतः तपासून मान्यता देण्याचा टप्पा), रिलीज असे रकाने आणि त्यांतून डावीकडून उजवीकडे सरकणारी कार्डे. पूर्वी भिंतीवर चिकटचिठ्ठ्या लावत. आता जिरा किंवा ट्रेलोसारखी साधने वापरतात. ऐरोली, महापे, पवई किंवा अंधेरीच्या सीप्झमधल्या कार्यालयांत असा बोर्ड सहज दिसेल. मात्र त्यातल्या बऱ्याच बोर्डांवर रकान्यांच्या डोक्यावर मर्यादेचा आकडा नसतो, आणि तो नसेल तर त्या बोर्डाला कानबान म्हणू नये. ती फक्त नीट रंगवलेली कामांची यादी आहे.

मर्यादेचे गणित साधे आहे. संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार, व्यवस्था स्थिर असेल तर एका कामाला लागणारा सरासरी काळ म्हणजे हातातल्या कामांची संख्या भागिले दर दिवशी पूर्ण होणारी कामे. टीम दिवसाला ३ तिकिटे (एक तिकीट म्हणजे बोर्डावरच्या एका कार्डाचे काम) संपवत असेल आणि १२ चालू असतील, तर एका तिकिटाला सरासरी ४ दिवस लागतात. संपवण्याचा वेग तोच ठेवून २४ तिकिटे उघडली की तोच काळ ८ दिवस होतो. वाट पाहणारा माणूस वाढला, काम मात्र तेवढेच झाले. प्रत्यक्षात वेग तोच राहतही नाही, कारण एका तिकिटावरून दुसऱ्यावर उडी मारताना डेव्हलपरला सगळा संदर्भ पुन्हा डोक्यात भरावा लागतो.

मुंबईत कार्डे सर्वांत जास्त अडकतात ती यूएटीच्या रकान्यात. कोड तयार असतो, टेस्टिंग झालेले असते, पण बँकेच्या ज्या अधिकाऱ्याने ते तपासून मान्यता द्यायची तो शाखांच्या आणि महिनाअखेरीच्या कामात बुडालेला असतो. मर्यादा नसलेली टीम अशा वेळी नवीन तिकीट उघडते. महिन्याभराने मान्यता येते, त्यासोबत दुरुस्त्या येतात, आणि तोवर तो कोड कोणाच्याच नीट लक्षात नसतो. यूएटीची मर्यादा ४ ठेवली तर पाचवे कार्ड तिथे जाऊ शकत नाही, मागचे रकाने भरत जातात आणि शेवटी नवीन काम घेणेच थांबते. अडथळा कुठे आहे हे त्यामुळे क्लायंटलाही बोर्डावर दिसते. टीममधल्या मोकळ्या झालेल्या माणसाने अशा वेळी तपासणीसाठी डेटा तयार करून द्यावा, क्लायंटच्या अधिकाऱ्याबरोबर बसावे, आपोआप चालणाऱ्या चाचण्या लिहाव्यात.

इथेच खरी अडचण येते. माणसागणिक बिल लावणाऱ्या सेवा कंपनीत रिकामा दिसणारा डेव्हलपर तोटा मानला जातो, त्यामुळे मर्यादा मोडण्याचा दबाव बहुधा वरूनच येतो. ‘साहेब, आधी यातले एक बाहेर काढू, मग हे घेऊ’ असे म्हणण्याची मुभा टीमलीडला नसेल, तर बोर्ड कितीही सुरेख असला तरी उपयोग नाही.

सगळी कामे सारख्या निकडीची नसतात, म्हणून कानबानमध्ये सेवेचे वर्ग ठरवतात. प्रॉडक्शन, म्हणजे लोक वापरत असलेली चालू यंत्रणा, बंद पडले तर ते तातडीचे. असे कार्ड मर्यादा ओलांडून पुढे जाते, पण एका वेळी एकच. ठरलेल्या तारखेचा वर्ग मुंबईत फार महत्त्वाचा आहे, कारण रिझर्व्ह बँक आणि सेबी दोन्हींची मुख्यालये इथेच आहेत आणि त्यांच्या परिपत्रकांतल्या तारखा हलवणे टीमच्या हाती नसते. शेअरबाजारातील सौद्यांची पूर्तता दुसऱ्याच कामकाजाच्या दिवशी करण्याची टी प्लस वन पद्धत २५ फेब्रुवारी २०२२ पासून टप्प्याटप्प्याने येऊन २७ जानेवारी २०२३ ला पूर्णपणे लागू झाली. असे कार्ड उशिरा घेतले तर नियमभंग होतो आणि फार लवकर घेतले तर इतरांची जागा अडवते. किती आधी ओढायचे हे टीमने आपल्या जुन्या नोंदींवरून ठरवायचे असते. याखेरीज नेहमीची कामे असतात, आणि लायब्ररी (वापरात असलेले तयार कोडचे संच) अद्ययावत करण्यासारखी, टाळली तरी आज कोणी ओरडत नाही अशी. या शेवटच्या वर्गासाठी जागा राखून ठेवली नाही, तर काही काळाने त्यांतलेच एखादे तातडीचे होऊन येते.

मर्यादेचा आकडा कायमचा नसतो. गणपतीला निम्मी टीम कोकणात गेली असताना नेहमीचीच मर्यादा ठेवणे चुकीचे. तेवढ्या दिवसांपुरती ती उतरवावी.

स्क्रम या दुसऱ्या प्रचलित कार्यपद्धतीत एक ते चार आठवड्यांचा स्प्रिंट, म्हणजे आधी आखून घेतलेला कामाचा टप्पा, असतो आणि ठरावीक भूमिका असतात. कानबान यांतले काहीच मागत नाही. आहे ती रचना तशीच ठेवून सुरुवात करता येते. दोन्हींच्या मिश्रणाला स्क्रमबान म्हणतात. नवीन उत्पादन बांधणाऱ्या, क्लायंटबरोबर दर पंधरवड्याला बसू शकणाऱ्या टीमला स्क्रम सोयीचे पडते. सपोर्टच्या टीमने मात्र स्प्रिंटचा आग्रह धरू नये, कारण सोमवारी आखलेला स्प्रिंट मंगळवारच्या प्रॉडक्शन बिघाडात कोलमडतो.

प्रगती मोजण्यासाठी प्रत्येक कार्ड सुरू झाल्याची आणि संपल्याची तारीख पुरेशी असते. त्यावरून ‘अशा प्रकारची शंभरातली ८५ तिकिटे ९ दिवसांच्या आत संपतात’ असे विधान करता येते, आणि क्लायंटला द्यायचा शब्द या नोंदीवर बेतता येतो. सरासरी सांगणे टाळावे. अनेक तिकिटे तिच्यापेक्षा जास्त वेळ घेतात, आणि क्लायंटच्या लक्षात नेमकी तीच राहतात.