हिमगाभ्याच्या नमुन्यासाठी अर्ज: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज परत येण्याची कारणे

हिमनदीच्या बर्फाच्या स्फटिकरचनेवर काम करू इच्छिणाऱ्या वडोदऱ्यातील विद्यार्थ्यांचे अर्ज मी गेली काही वर्षे पाठवण्यापूर्वी वाचून देतो. त्यांनी निवडलेल्या विषयात खोट क्वचितच असते. बहुतेक अर्ज एकाच समजुतीपायी परत येतात: खोल हिमगाभ्याचा, म्हणजे बर्फात खोल छिद्र पाडून काढलेल्या लांब दंडगोलाचा, तुकडा मागवायचा, विभागातल्या फ्रीजरमध्ये ठेवायचा आणि सवडीने त्याचे काप घ्यायचे. या अभ्यासासाठी बर्फ वडोदऱ्याला मागू नये. बर्फ जेथे आहे तेथील शीतकक्षात जाऊन काम करण्याची परवानगी मागावी.

पात्रतेचे सांगण्यासारखे थोडेच आहे. अर्ज विद्यार्थ्याच्या नावाने जात नाही. मान्यताप्राप्त संस्थेतील कायम अध्यापक किंवा शास्त्रज्ञ मुख्य संशोधक असावा लागतो आणि विद्यार्थ्याचे नाव सहभागी म्हणून येते. देशात यासाठी गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडे जावे. तेथे गाभ्यांसाठी उणे २० अंशांची प्रयोगशाळा आहे. परदेशी गाभा हवा असेल तर ज्या संग्रहात तो ठेवला आहे त्याच्याकडे अर्ज करावा लागतो. अमेरिकेचा असा संग्रह डेन्व्हरजवळ लेकवूड येथे असून त्याची मुख्य कोठी उणे ३६ अंशांवर ठेवतात.

पहिला अडथळा ‘किती आणि कोणत्या खोलीचा बर्फ हवा’ या रकान्यात येतो. अनेक जण तेथे ‘३००० मीटरखालील १० सेंटीमीटर’ असे लिहून मोकळे होतात. गाभ्याचा व्यास साधारण १० सेंटीमीटरच असतो, आणि वायू, समस्थानिके, धूळ यांच्या अभ्यासासाठी तो आधीच उभा चिरून वाटलेला असतो, त्यामुळे स्फटिकांसाठी एक अरुंद फाक उरते. वरच्या थरांत स्फटिक काही मिलिमीटरचे असतात, म्हणून एका कापात शेकडो सापडतात; तळाजवळच्या उबदार बर्फात ते कित्येक सेंटीमीटरचे होतात आणि त्याच आकाराच्या तुकड्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच भरतात. अंटार्क्टिकातील बर्ड स्थानकाचा गाभा १९६८ मध्ये २१६४ मीटरवर तळाला पोचला. त्यात सुमारे १२०० ते १८०० मीटर या पट्ट्यात स्फटिक बारीक असून त्यांचे सी-अक्ष (स्फटिकाचे मुख्य सममिती-अक्ष) जवळजवळ उभे झालेले आहेत, तर त्याखाली स्फटिक भरड आहेत आणि अक्ष अनेक दिशांना गोळा झालेले आहेत. बर्फाचा स्फटिक सी-अक्षाला काटकोनात असलेल्या प्रतलावर पत्त्यांच्या कॅटासारखा सहज सरकतो, इतर दिशांना मात्र फार कष्टाने. म्हणूनच अक्षांची मांडणी पाहून बर्फ कसा वाहिला हे कळते. तेव्हा कोणत्या पट्ट्यात कोणता प्रश्न सोडवायचा आहे, त्यासाठी किती स्फटिक मोजावे लागतील आणि म्हणून किती काप हवेत, हे याच क्रमाने लिहावे. तपासणारे हा हिशेब सर्वांत आधी पाहतात.

याच रकान्यात आणखी एक चूक वारंवार होते. गाभा बाहेर काढताना स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे त्याची उभी दिशा माहीत असते, पण उत्तर-दक्षिण कळत नाही. ‘हिमनदीच्या प्रवाहाची भौगोलिक दिशा ठरवणार’ असे उद्दिष्ट लिहिलेला अर्ज जाणकार माणूस तेथेच बाजूला ठेवतो, आणि त्यात त्याची चूक नाही.

दुसरा अडथळा एका अशा कागदाचा आहे, जो आपल्याकडे बहुधा कुणाजवळच नसतो: शीतसाठवणीच्या तापमानाची सलग नोंद. ‘विभागात डीप फ्रीजर उपलब्ध आहे’ हे वाक्य पुरावा ठरत नाही. आपोआप बर्फ वितळवणारा फ्रीजर ठरावीक वेळाने स्वतःला गरम करतो, आणि त्या प्रत्येक फेरीत नमुना थोडाथोडा बदलत जातो. शिकण्यापुरता मिळालेला बर्फाचा एक तुकडा थर्मोकोलच्या पेटीतून मे महिन्यात आमच्याकडे आला होता. वाटेत पेटी रात्रभर कोणत्यातरी गोदामात पडून राहिली. आम्ही त्याचा अर्ध्या मिलिमीटरहून पातळ काप घेऊन एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या दोन ध्रुवकांमध्ये (प्रकाश एकाच प्रतलात जाऊ देणाऱ्या पट्ट्यांमध्ये) धरला, तेव्हा मधले स्फटिक निळे, केशरी, राखाडी असे स्वच्छ वेगवेगळे दिसत होते, पण कडेने बोटभर रुंदीची एक किनार होती, जिच्यात नुकतेच गोठलेले इवलेसे दाणे गर्दी करून बसले होते. ती मूळ बर्फाची रचना नव्हती, आमच्या पेटीतल्या पाण्याची होती. असे मोजमाप छापले गेले तर ते खोटेच ठरेल. नमुना आणायचाच असेल तर थंडाव्यासाठी घातलेला कोरडा बर्फ (गोठलेला कार्बन डायऑक्साइड) विमानाने पाठवताना तो धोकादायक माल म्हणून, निव्वळ वजन किलोत लिहून, जाहीर करावा लागतो. पेटी अडकून राहण्याचे हे नेहमीचे कारण आहे. शीतकक्षातील कामाचे दिवस मागितले तर हा सारा भाग अर्जातून गळून पडतो.

तिसरी गोष्ट संमतिपत्राची. ज्यांनी गाभा काढला त्यांचा त्यावर काही काळ अग्रहक्क असतो, आणि तेवढ्या काळात त्यांच्या संमतीवाचून संग्रह नमुना देत नाही. पत्र लिहिताना आपण बर्फ कापून संपवणार आहोत की काप परत करणार आहोत, हे स्पष्ट लिहावे. आपल्या प्रश्नाला जुन्या मोजमापांवरूनच उत्तर मिळत असेल तर अर्जाची गरजच नाही; जर्मनीतील पॅन्गिआ या ऑनलाइन माहितीसंग्रहात अनेक गाभ्यांच्या सी-अक्षांची मोजमापे कुणालाही उतरवून घेता येतात. आधी ती पाहिली आहेत, असे एक वाक्य अर्जात असले की अर्जाला वजन येते.

अंटार्क्टिकाच्या मोहिमेतच जायचे असेल तर निवडीनंतर दिल्लीच्या एम्समधील वैद्यकीय तपासणी आणि औलीचे प्रशिक्षण असते. पासपोर्ट आधीच काढून ठेवावा.

शेवटची तारीख चुकीची वाचल्यामुळे गेलेले अर्ज पाहून मला सर्वांत जास्त हळहळ वाटते. ती तारीख संस्थेमार्फत आलेल्या प्रतीची असते, विद्यार्थ्याने सही केल्याच्या दिवसाची नव्हे. अग्रेषण पत्रावर, म्हणजे अर्ज पुढे पाठवणाऱ्या संस्थेच्या पत्रावर, विभागप्रमुखांची सही पुरत नाही, संस्थेच्या अधिकृत अधिकाऱ्याची लागते, आणि एका सहीसाठी कागद तीन टेबलांवर आठवडाभर पडून राहावा हे मला आजही पटत नाही. अंटार्क्टिकाचा उन्हाळा नोव्हेंबर ते मार्च असतो, म्हणून प्रस्ताव कित्येक महिने आधी मागवतात. या वर्षीची जाहिरात पाहून याच थंडीत जाता येईल असे गृहीत धरू नये. आपल्याकडे दिवाळीच्या सुट्टीत कार्यालये लाभपंचमीपर्यंत बंद राहतात. मुदत त्या सुमारास येत असेल तर अग्रेषण पत्राचा मसुदा स्वतः टंकून धनत्रयोदशीपूर्वी कुलसचिवांच्या कार्यालयात द्यावा, आणि आवक क्रमांक लिहून घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नये.