घोणस की अजगराचं पिल्लू? निफाडच्या उसातली जुनी गल्लत

घोणशीला अजगराचं पिल्लू समजून हात घालायचा आणि धामणीला नाग समजून ठेचायचं, या दोन्ही चुका नाशिकच्या बागायती पट्ट्यात होत आल्या आहेत. एवढे मोठे साप मळ्यांत आले कसे, याचं उत्तर पाण्यात आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नांदूरमधमेश्वरला बंधारा झाला, १९१६ मध्ये दारणा धरण, १९६५ मध्ये गंगापूर. कालव्यांच्या पाण्यावर निफाडच्या काळ्या रानात ऊस वाढला, मागून द्राक्षबागा आल्या. बारमाही पिकांमुळे उंदरांना खाणं, पाचटाची ऊब आणि बांधातली बिळं मिळाली. धामण आणि घोणस त्यांच्यामागे आल्या आणि शेतकरीही मळ्यातच वस्ती करून राहिला.

धामण दोन मीटरहून लांब भरते, बिनविषारी असते आणि चाहूल लागताच सुसाट पळते. ती गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, ही निव्वळ दंतकथा. सापाला दूध ओढून पिताच येत नाही. कातड्यासाठीही ती फार मारली गेली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण तिला आहेच, २०२२ च्या दुरुस्तीने ती नाग-घोणशीसह पहिल्या, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या अनुसूचीत गेली.

घोणस मात्र पळत नाही, पाचटात दबून राहते. पाठीवर साखळीसारख्या गडद ठिपक्यांच्या तीन रांगा, त्रिकोणी डोकं, आखूड शेपूट. डिवचली की कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार. अजगराचे पट्टे वेडेवाकडे, एकसारखे नसलेले. खवले गुळगुळीत, चकचकीत. पण ही ओळख लांबूनच करायची. खात्री नसेल तर घोणसच समजा आणि वनविभागाला १९२६ वर कळवा.

ऊसतोड चारी बाजूंनी आत येत गेली की सगळे साप शेवटच्या तुकड्यात कोंडतात. म्हणून ओढ्याच्या विरुद्ध टोकाकडून तोड सुरू करावी, म्हणजे त्यांना ओढ्याकडे वाट राहते. पाचट हाताने उचलू नये, लांब दांड्याच्या दाताळ्याने ओढावं. पायात गमबूट हवेत.

चावलाच तर दोरी आवळू नका, चिरा देऊ नका. तो हात किंवा पाय हलू न देता सरळ सरकारी रुग्णालय गाठा. तिथे कोरड्या काचेच्या नळीत रक्त २० मिनिटं ठेवतात. ते गोठलं नाही, तर घोणशीचं विष भिनल्याची शंका धरून प्रतिविष सुरू होतं. सूज कमी दिसते म्हणून घरी थांबलेल्या माणसाचं मूत्रपिंड दोन दिवसांनी बंद पडू शकतं.