कुकर घेताना: रोजचा वरण-भात आणि वर्षभराच्या बरण्या

थंडीत मंडईत मटाराचे ढीग लागले की आमच्या दुकानात एक मागणी हमखास येते. "असा कुकर द्या की रोजचा वरण-भातही होईल आणि मटार, टोमॅटो बरण्यांत भरून वर्षभर ठेवताही येतील." परदेशी राहून आलेल्या मुला-सुनांनी तिकडे कॅनिंग, म्हणजे बरणीत हवाबंद करून उष्णतेने पदार्थ टिकवणं, पाहिलेलं असतं आणि घरच्यांनाही ते मनापासून करून बघायचं असतं.

आमचं म्हणणं आधीच सांगतो. रोजच्या स्वयंपाकाचा कुकर कॅनिंगसाठी वापरू नका. यात आमची एक विक्री बुडली तरी चालेल, पण हे नीट समजून घ्या.

गेल्या वर्षी एक ताई पिशवीतून एक लिटरची काचेची बरणी घेऊनच आल्या. आम्ही काउंटरवर पाच लिटरचा कुकर ठेवला, तळाशी जाळी घातली आणि तिच्यावर बरणी उभी केली. बरणीचं झाकण कुकरच्या काठाच्या वर आलं. ही बरणी सुमारे १७ सेंटीमीटर उंच असते, त्यामुळे कुकरचं झाकण लागायचा प्रश्नच नव्हता. "मग अर्ध्या लिटरच्या बरण्या घेते," ताई म्हणाल्या. त्या मावतील, पण खरी अडचण मापाची नाहीच.

क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जिवाणू मातीत असतो. त्याचे बीजाणू, म्हणजे त्याचं चिवट सुप्त रूप, नुसत्या उकळत्या पाण्यात मरत नाहीत. हवाबंद बरणीत, आंबटपणा नसलेल्या पदार्थात ते वाढतात आणि जे विष तयार करतात ते जिवावर बेततं. वास, रंग, चव यांवरून ते कळेलच असं नाही. मटार, गाजर, फरसबी, मका, उकडलेली कडधान्यं, मटण हे सगळे कमी आंबट पदार्थ. पीएच (आंबटपणाचं माप, पदार्थ जितका आंबट तितका पीएच कमी) ४.६ च्या वरचं काहीही बरणीत भरायचं तर ११६ ते १२१ अंश सेल्सिअसची उष्णता, तीही ठरलेला वेळ, मिळायलाच हवी.

"पण आपल्या कुकरमध्ये १२० अंश होतातच की!" असं ग्राहक म्हणतात आणि ते खरंही आहे. घरचा कुकर चौरस सेंटीमीटरला सुमारे १ किलो, म्हणजे चौरस इंचाला १५ पौंडांच्या आसपास दाब धरतो. मात्र कॅनिंगचे तक्ते, म्हणजे कुठल्या पदार्थाला किती दाब आणि किती मिनिटं, मोठ्या भांड्यावर तपासलेले आहेत. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या नियमानुसार ज्यात एक लिटरच्या किमान चार बरण्या उभ्या राहतात तोच कॅनर, म्हणजे कॅनिंगचा प्रेशर कुकर. असं भांडं सावकाश तापतं, सावकाश निवतं आणि त्या वेळातली उष्णताही हिशेबात धरलेली असते. आपला कुकर झटकन चढतो, झटकन पडतो. तक्त्यातली मिनिटं तंतोतंत पाळली तरी बरणीच्या मध्यापर्यंत पुरेशी उष्णता पोचल्याची खात्री देता येत नाही. त्यात शिट्टी झाली की दाब एकदम उतरतो आणि बरणीतलं पाणी झाकणाखालून बाहेर ओढलं जातं. कॅनरमध्ये दाब स्थिर ठेवायचा असतो. वजन ठेवण्याआधी १० मिनिटं वाफ मोकळी सोडून आतली सगळी हवाही काढायची असते.

पुणेकरांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर, म्हणजे १८०० फुटांवर आहे. इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. म्हणून वजनाच्या कॅनरवर तक्त्यात १० पौंड लिहिले असतील तरी पुण्यात १५ पौंडांचं वजन लावायचं. दाब काट्यावर दाखवणाऱ्या कॅनरला २००० फुटांपर्यंत ११ पौंड चालतात. मटाराला हा दाब ४० मिनिटं द्यावा लागतो.

इतका खटाटोप दोन-चार किलो मटारासाठी करायचा का? आम्हाला विचाराल तर नाही. दाणे दीड मिनिट उकळत्या पाण्यात घाला, लगेच गार पाण्यात काढा, कोरडे करा आणि फ्रीझरमध्ये टाका. यात रंगही छान राहतो.

टोमॅटोचं मात्र घरी जमतं, कॅनरशिवाय. टोमॅटो आंबट वाटतो, पण ४.६ च्या सीमेवर असतो. म्हणून अर्ध्या लिटरच्या प्रत्येक बरणीत पाव चमचा सायट्रिक अॅसिड घालायचंच. चमचा मोजमापाचा, चहाचा. टोमॅटो ठेचून, उकळून, गरम असतानाच भरा. बरण्या कॅनिंगच्याच हव्यात. मोठ्या पातेल्यात जाळीवर ठेवून, बरण्यांच्या वर दोन बोटं पाणी राहील असं पाहून, पुण्यात ४० मिनिटं खळखळ उकळा. कांदा, लसूण घातलेल्या ग्रेव्हीला हा हिशेब लागू नाही, ती फ्रीझरमध्येच.

आता रोजचा कुकर. दोघा-तिघांना तीन लिटर पुरतो. डबे लावून वरण, भात आणि बटाटे एकदम करायचे असतील तर पाच लिटरचा घ्या, आणि घरचे डबे सोबत आणून घालून बघा. टोमॅटो, चिंच, आमसूल थेट कुकरमध्ये शिजत असेल तर साधं अॅल्युमिनियम नको, स्टीलचा घ्या. तळ जाड हवा, नाहीतर मसाला खाली लागतो. इंडक्शन असेल तर आधी सांगा. आयएसआय खूण नसलेला कुकर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. १ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती कुकरवर ती सक्तीची आहे.

वापरताना कुकर दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका, डाळ-तांदूळ थेट घातले तर निम्माच. दर वेळी झाकण उजेडाकडे धरून वाफेच्या नळीतून आरपार बघा. डाळीचं एक साल तिथे अडकलं तरी शिट्टी होत नाही आणि दाब वाढत जातो. पाणी आटून सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर त्याच कंपनीचा नवा बसवा.

कॅनर हवाच असेल तर आम्ही मागवून देतो. त्याच्या पुस्तिकेत परवानगी असेल तर सणावाराला पुरणाची डाळ त्यात शिजवता येईल. गॅस्केट बदलायला याल तेव्हा नुसती रिंग आणू नका. जुनी रिंग ताणून मोठी झालेली असते, मापाला फसते. झाकण घेऊन या.